हातांच्या सभेचे इतिवृत्त

मोठ्या बँकेने काढलेली स्मरणिका सहा महिन्यांपूर्वी टपालाने माझ्या हाती आली. गुळगुळीत कागद, अध्यक्षांची छायाचित्रे, दोन शुभेच्छापत्रे आणि शेवटच्या पानांत कुठेतरी 'आमच्यात विलीन झालेल्या लहान संस्था' असा एक मथळा. त्याखाली हिंगणघाटच्या आमच्या तेलंगी कामगार पतपेढीला साडेतीन ओळी दिल्या होत्या. शेवटची ओळ अशी: 'सभासदांच्या उदासीनतेमुळे ही संस्था पुढे चालू राहू शकली नाही.' मी ती ओळ तीनदा वाचली, चष्मा पुसला आणि चौथ्यांदा वाचली. त्या दिवसापासून आजवर मी संपादक मंडळाला पाच पत्रे पाठवली आहेत. पहिले साधे, बाकीची पोचपावतीसह. पाचव्या पत्राला उत्तर आले की आपल्या भावना समजल्या. मी भावना कळवल्या नव्हत्या. मी आक्षेप नोंदवला होता. आक्षेप आणि भावना यांतला फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी इतिहास छापण्याचा उद्योग करू नये, असे सहावे पत्र लिहून तयार आहे. ते मात्र अजून पाकिटात घातलेले नाही. कारण पाचही पत्रांत मी एक गोष्ट लिहिली नाही, आणि ती लिहिल्याशिवाय माझा आक्षेप कोणत्याही न्यायासनापुढे टिकणार नाही, हे मला, आयुष्यभर इतरांच्या तक्रारी लिहून देणाऱ्या माणसाला, चांगले ठाऊक आहे. 'उदासीनता' हा शब्द ज्या कागदातून उचलला आहे, त्या कागदावर सही माझी आहे.

आमचे घर गिरणीच्या मागच्या गल्लीत होते. दोन खोल्या, पुढे पडवी. गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी फडताळातली जर्मनची भांडी आपोआप थरथरू लागत, आणि अम्मा म्हणे, "उठला बाई राक्षस." साचे म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग; त्यांचे साचेखाते गल्लीला लागूनच होते. शेकडो साचे एका वेळी चालत, तेव्हा भिंतीला पाठ टेकून बसले तर धोट्याची ठकठक मणक्यात येई. माझे वडील नरसय्या, ज्यांना आम्ही नायना म्हणायचो, ते साचेखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते. तेलंगणातल्या एका कोरड्या गावातून ते लग्नाआधी रेल्वेने इथे आले, आणि वीस-बावीस वर्षांत गिरणीने त्यांचे कान खाल्ले. घरी ते एवढ्या मोठ्याने बोलत, की भाजीत मीठ कमी आहे हे तिसऱ्या घराला कळे. अम्मा गिरणीत कधी गेली नव्हती. तिचे कान शाबूत होते. ती हसून म्हणे, "अख्ख्या गल्लीले जेवाले बोलावता का?" नायना तिचे ओठ पाहत आणि आवाज खाली आणत. घरात आम्ही तेलुगू बोलायचो, बाहेर वऱ्हाडी. दोन्ही भाषा एकाच जिभेवर वाढल्या, म्हणून इथे माझे स्वतःचे सोडून घरच्यांचे आणि गल्लीचे बोलणे वऱ्हाडीतच उतरवतो.

साचेखात्यात आवाजाने बोलणे शक्यच नव्हते. शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडले तरी त्याला ऐकू जात नसे. म्हणून आमच्या लोकांनी हातांची आणि ओठांची एक बोली घडवली होती. तार तुटली, बाण्याचे सूत संपले, जॉबरला बोलाव, भाकर आणली का, बायको बाळंत झाली, मुलगी झाली: सगळे चार साच्यांच्या पलीकडून, दोन हातांनी आणि आवाज न काढता हलवलेल्या ओठांनी. प्रत्येक माणसाला तिथे एक खूण असे. तेच त्याचे हातांमधले नाव. नायनांची खूण नाकावर दोन बोटे, कारण साचेखात्यात पहिला चष्मा त्यांचा. सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांमध्ये मल्लव्वा नावाची एक दणकट बाई होती, तिची खूण कडेवर मूल घेतल्यासारखा वाकवलेला हात, कारण ती मूल कडेवर घेऊनच पहिल्या दिवशी कामावर आली होती. माझी खूण होती डाव्या तळहातावर उजव्या बोटाने लिहिणे. मी गल्लीतला पहिला मॅट्रिक झालेला मुलगा. गल्लीतून जाताना समोरून येणारे दोघे एकमेकांना माझी खूण करून हसत, आणि माझी छाती फुगे.

पतपेढीची सुरुवात हिंगणघाटच्या स्टेशनवर झाली, हे स्मरणिकेत नाही. काझीपेठेकडून येणाऱ्या पॅसेंजर गाडीतून आमच्या मुलखातली माणसे उतरत. गुंडाळलेली चटई, पितळी लोटा, अंगावरचे कपडे, आणि गिरणीत काम मिळेल अशी कोणाकडून तरी ऐकलेली बातमी. आमच्यापैकी एकाने पाळीपाळीने त्या गाडीला जायचे, असा गल्लीचा नेम होता. उतरलेल्या कुटुंबाला तो आमच्या पडवीत आणी. अम्मा त्यांच्यापुढे ज्वारीची भाकर, आंबाडीची आंबट भाजी आणि वर तेलात तडतडवलेली लाल मिरची ठेवी, आणि ती माणसे जेवून होईपर्यंत कोणीही त्यांना एकही प्रश्न विचारत नसे. मग त्यांना एक हंडा, एक तवा, महिन्याचा शिधा आणि खोलीचे आगाऊ भाडे मिळे. हे सगळे आधी घरोघरी दर आठवड्याला काढून ठेवलेल्या मुठीमुठीच्या ज्वारीतून चाले. पुढे नायनांनी एका वकिलांच्या मदतीने त्याची रीतसर नोंदणी करून घेतली, उपविधी झाले, भाग निघाले, शिक्का आला. पण मूळ नियम तोच राहिला: ज्याला मिळाले, त्याने फेडायचेच, शिवाय पुढच्या उतरणाऱ्याला आणायला स्टेशनवर जायचे. अशा नव्याने उतरलेल्या माणसासाठी आमच्या हातबोलीत एक स्वतंत्र खूण होती. पतपेढीच्या प्रत्येक सभेत ती खूण दहा-वीस वेळा तरी होई.

सभा हातांनीच होत. हे मला आज जितके आश्चर्यकारक वाटते, तितके तेव्हा लाजिरवाणे वाटत असे. सुट्टीच्या दिवशी दुपारी, गल्लीच्या टोकाच्या कडुनिंबाखाली सगळे सभासद गोल बसत. गोलच, कारण ज्याच्याकडे पाठ केली, त्याचे आपण तोंड बंद केले. मधोमध कांड्यांची एक रिकामी लाकडी पेटी उपडी ठेवलेली असे. ज्याला बोलायचे, तो तिच्यावर चढे आणि हातांनी बोले. खाली बसलेल्यांनी हात मांडीवर ठेवायचे. मांडीवरचा हात उचलणे म्हणजे दुसऱ्याचे बोलणे तोडणे. मतदानाला दोन्ही तळवे वर केले तर होकार, उलटे केले तर नकार. मी पुढे सभाशास्त्रावरची पुष्कळ पुस्तके वाचली. विधिमंडळाचे कामकाज सज्जातून पाहिले. एका माणसाचे म्हणणे पुरे होईपर्यंत दुसऱ्याने गप्प राहावे, याची इतकी कडेकोट व्यवस्था मला कुठेही आढळली नाही. पण तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. शाळेत गावातली मुले मला 'मुक्याचा पोरगा' म्हणत. सभेच्या दिवशी कडुनिंबाजवळून जाणारा एखादा टांगेवाला हटकून थांबे, बोटे नाचवून आमची नक्कल करी आणि घोड्याला म्हणे, "चाल रे बावा, इथं समदे नाटक करून राह्यले." मी मान खाली घाली.

चिटणीस नायनाच होते; त्या वर्षी पतपेढीने मला सहचिटणीस केले. मराठी आणि थोडे इंग्रजी लिहिणारा दुसरा कोणी नव्हता. मी एका वकिलांकडे अर्ज लिहायला जात असे, आणि 'सदरहू', 'उपरोक्त', 'समक्ष' हे शब्द मला नव्या जोड्यासारखे आवडू लागले होते. आम्ही नुकतेच नागपूरच्या राज्यातून मुंबईच्या राज्यात गेलो होतो. कायदे, कचेऱ्या, शिक्के सगळे बदलत होते. अशात पत्र आले की लहान पतपेढ्या स्वतंत्र ठेवायच्या की मोठ्या बँकेत विलीन करायच्या, याबाबत सभासदांचे मत जाणून घेण्यासाठी वर्ध्याहून निरीक्षक स्वतः सभेला येणार आहेत. ते पत्र मी नायनांना वाचून दाखवले. त्यांनी माझे ओठ पाहिले आणि म्हणाले, "येऊ दे. पाहू दे."

"नायना, या वेळी तोंडाने बोलू या. साहेब आहेत."

"तोंडानं बोललं त कोनाले आयकू येईन? म्हाताऱ्या पेंटय्याले येते? मले येते?"

"चार-पाच जणांनी बोलायचे, बाकीच्यांनी नुसते बसायचे. सगळीकडे तसेच असते."

"सगळीकडं नुसते बसतात, म्हनून त पेढ्या बुडतात." ते हसले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, आपल्या मानाने हळू आवाजात म्हणाले, "आमी हातानं बोलू. तू साहेबाच्या कानाजवळ बसजो न् त्याले तोंडानं सांगजो. याच्यासाठीच त तुले शिकवलं, लेका."

माझे काम इतके स्पष्ट होते. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर, मी दुभाषा म्हणून नेमलो गेलो होतो, आणि नेमणूक मी मूकपणे का होईना, स्वीकारली होती.

सभेच्या दिवशी अम्माने सकाळपासून ताकाचा माठ ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. निरीक्षक दुपारी आले. सोबत एक कारकून. निरीक्षक वाईट माणूस नव्हते, हे मी मुद्दाम नोंदवतो. टोपी काढून त्यांनी नायनांना नमस्कार केला, ताक मागून घेतले, माठाची तारीफ केली. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती, तिच्याशेजारी स्टुलावर मी. सत्तरेक सभासद गोल बसले. नायना पेटीवर चढले, त्यांनी जमलेल्यांचे आणि पाहुण्यांचे हातांनी स्वागत केले, आणि मी निरीक्षकांना सांगितले, "चिटणीस आपले स्वागत करीत आहेत." निरीक्षकांनी भुवया उंचावल्या. "हे मुके आहेत का?" मी म्हणालो, "नाही साहेब, गिरणीच्या आवाजाने ऐकू कमी येते." "अच्छा," असे म्हणून ते पाहू लागले. दोन सभासद बोलले. मी त्यांचे म्हणणे सांगितले. तेवढ्यात कारकून हातातल्या वहीआड तोंड करून म्हणाला, "साहेब, सर्कशीत असते ना, तसं वाटून राह्यलं," आणि निरीक्षकांना हसू आले. ते त्यांनी आवरले, पण आले होते. माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलेले मला आजही जाणवते. टांगेवाला, शाळेतली मुले आणि हा वर्ध्याचा कारकून, सगळे जणू एकाच ओळीत उभे राहून माझ्याकडे पाहत होते.

त्यानंतर मल्लव्वा पेटीवर चढली. तिची धाकटी बहीण आणि मेहुणा पुढच्या महिन्यात गावाहून यायचे होते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होते. पेढी राहिली तर त्यांना हंडा, तवा, खोली मिळणार. मोठी बँक आली तर त्यांना जामीनदार दाखवावा लागणार, तोही घरदार असलेला. मल्लव्वाने पदर खोचला आणि बोलायला लागली. ती जशी कांड्या भरी तशीच बोले, दोन्ही हात एकदम, खांद्यापासून. बांगड्या वाजत होत्या. मधेच तिने डोक्यावरून गाठोडे उतरवल्यासारखे केले, मधेच कडेवरचे मूल दाखवले, एकदा तर निरीक्षकांकडे बोट करून दोन्ही हात असे पसरले की पेंटय्या आणि आणखी दोन म्हातारे तोंड दाबून हसले. आणि शेवटी तिने थेट माझ्याकडे पाहून डाव्या तळहातावर उजव्या बोटाने लिहिले. माझे नाव. मग ओठ नुसते हलवून म्हणाली, "बराबर सांगजो."

निरीक्षक माझ्याकडे झुकले. "ही बाई काय म्हणते?"

मी जे उत्तर दिले, ते जसेच्या तसे लिहितो. मी त्यांच्या कानाशी तोंड नेले आणि खालच्या आवाजात म्हणालो, "त्याला काही अर्थ नाही, साहेब. साच्यावरची खोड आहे, हात स्वस्थ राहत नाहीत. या लोकांना सभेत बोलायचे असे काही नसते. चिटणीस सांगतील तसे करतात."

मला वाटले होते की हे फक्त त्यांनाच ऐकू गेले. मी आवाज लहान केला होता, आणि समोर सत्तर बहिरी माणसे होती. इतका शिकलेला मुलगा इतका मूर्ख कसा असू शकतो, याचे उत्तर मला आजतागायत सापडलेले नाही. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यापुढे मी आवाज लपवला, ओठ नाही. चार साच्यांच्या पलीकडून ओठ वाचणारी माणसे ती. गोल बसलेली, सगळ्यांच्या नजरा माझ्या तोंडावर, कारण मल्लव्वाचे बोलणे मी कसे सांगतो हे त्यांना पाहायचे होते. सत्तरच्या सत्तर जणांनी माझे वाक्य शब्दन् शब्द वाचले.

मी मान वर केली तेव्हा सभा बदललेली होती. आमच्या सभेत खाली बसलेल्यांचे हात मांडीवर असले तरी ते कधी मेलेले नसत. बोटे हलत, कोणी अंगठा चोळी, कोणी शेजाऱ्याच्या गुडघ्यावर थाप मारी. आता एकही बोट हलत नव्हते. पेटीवर मल्लव्वाचे हात हवेत होते तिथून खाली आले आणि तिच्या लुगड्याशी लोंबत राहिले. मी नायनांकडे पाहिले. ते माझ्या तोंडाकडेच पाहत होते, जणू वाक्य अजून संपायचे आहे, पुढे काहीतरी येईल आणि सगळे सरळ होईल. मी कारकुनाच्या वहीकडे पाहू लागलो. आपण काय केले हे मला अजून पूर्ण कळतही नव्हते.

निरीक्षकांनी मोठ्याने विचारले, "कोणाला काही म्हणायचे आहे?" त्यांनी हात वर करून प्रश्नाची खूणही केली. बिचाऱ्यांनी प्रयत्न केला. कोणीही हलले नाही. चिटणिसाचा मुलगा सरकारी माणसापुढे खोटा ठरवायचा, तर चिटणीसच खोटा ठरतो. त्यांनी नायनांची अब्रू राखली. आणि निरीक्षकांनी जे पाहिले, ते त्या क्षणी खरेच होते: सत्तर माणसे, निश्चल, चेहऱ्यावर काही नाही. त्यांनी लिहिले, 'सभासद उदासीन दिसून आले. सहचिटणिसांनीही समक्ष तसेच निवेदन केले.' कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. मला वळणदार सही करायची हौस होती, ती मी तिथेही भागवली.

मल्लव्वा पेटीवरून उतरली आणि जाताना माझ्यासमोर थांबली. आवाज न काढता, अगदी सावकाश, मला नीट वाचता यावे म्हणून ओठांची उघडझाप करीत म्हणाली, "आमचे हात मुके केले तुवं, बाबू."

घरी अम्माने पाने वाढली. तिला काहीच माहीत नव्हते. सभेच्या दिवशी ती गोडाचे करी, म्हणून गूळ घातलेला जाडा भात होता. "काय म्हने साहेब?" तिने विचारले. नायना जेवत राहिले. तिने पुन्हा विचारले, "काऊन बोलत नाई कोनी?" तेव्हा नायनांनी घास खाली ठेवला, आणि माझ्याकडे पाहत दोन्ही हातांच्या चिमट्या एकमेकींना लावून हळूच बाजूला केल्या. साचेखात्यात तार तुटली की अशी खूण करतात, म्हणजे साचा थांबवा. अम्माला ती खूण येत नव्हती. ती म्हणाली, "भात वाढू का?"

पुढच्या काही महिन्यांत सगळे रीतसर झाले. एकाही सभासदाचा पैसा बुडाला नाही, आणि म्हणूनच स्मरणिकावाल्यांना त्यात सांगण्यासारखे काही दिसत नाही. मोठ्या बँकेत अर्ज मराठीत लागे, जामीनदार लागे. मल्लव्वाची बहीण आली, दोन दिवस आमच्या पडवीत राहिली, आणि मेहुण्याला कोणी खोली देईना म्हणून भिवंडीला निघून गेली. मल्लव्वाही वर्षभरात तिकडे गेली. स्टेशनवरची पाळी बंद पडली, कारण आणलेल्या माणसाला ठेवायचे कुठे?

नायनांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्यांनी मला अपील लिहायला बसवले. माझ्या आयुष्यातले पहिले तक्रारपत्र मी असे लिहिले, माझ्याच निवेदनाविरुद्ध. त्यात मी सगळे कबूल केले होते असे मला आज लिहिता आले असते तर बरे झाले असते. मी 'गैरसमज' असा शब्द वापरला. उत्तर आले. मी ते मोठ्याने वाचू लागलो, तर नायना म्हणाले, "आवाज नको. ओठ दिसू दे." मी आवाज न काढता वाचले: सहचिटणिसांनी समक्ष केलेल्या निवेदनाशी सदर अपील विसंगत आहे, सबब फेटाळण्यात येत आहे. दुसरे अपील केले, तिसरे केले. दरवेळी तेच उत्तर आणि दरवेळी नायनांची नजर माझ्या ओठांवर. तो त्यांनी दिलेला दंड होता की त्यांना खरेच तसे वाचणे सोपे जाई, हे मी त्यांना विचारू शकलो नाही.

आणखी एक गोष्ट. त्या सभेनंतर पंधरा दिवसांनी मी गिरणीच्या फाटकासमोरून चाललो होतो. पलीकडे दोन विणकर उभे होते. एकाने मला पाहिले आणि दुसऱ्याला हातांनी सांगितले, तो येतो आहे. पण त्याने तळहातावर लिहिले नाही. त्याने तोंडावर हात ठेवला आणि कानाशी कुजबुजल्यासारखी मान वाकवली. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. मागून बैलगाडीवाला ओरडला, "मरतं का रे?" आमच्या गल्लीत कोणाचे नाव बदलल्याचे मी तोवर ऐकले नव्हते. नायनांनी ते नवे नाव कधी वापरले नाही. जुनेही वापरले नाही. पुढची अठरा वर्षे, ते जाईपर्यंत, त्यांनी मला नुसती हाक मारली, तोंडाने, मोठ्याने, तिसऱ्या घराला ऐकू जाईल अशी.

आता माझेही कान गेले आहेत. मुलगी यंत्र घे म्हणते. मी घेत नाही. मागच्या महिन्यात, पाचव्या पत्राचे उत्तर यायच्या आधी, बँकेत त्याची चौकशी करायला गेलो, तेव्हा काचेपलीकडच्या तरुण अधिकाऱ्याने शेजारणीला सांगितले, "पत्रवाले आजोबा आले. मान डोलाव, काही अर्थ नसतो त्यात." त्याला वाटले, मधे काच आहे. मी रागाने काचेवर छत्री आपटायला उचलली होती. ती मी खाली ठेवली आणि घरी आलो.

तर सहाव्या पत्राला मी हे जोडतो आहे. त्या सभेचे इतिवृत्त, जे लिहिणे माझे कर्तव्य होते:

सभासद मल्लव्वा, खाते कांड्या, यांनी पेटीवर उभे राहून पुढीलप्रमाणे मत मांडले. "मी या गावात आली तवा कडेवर पोरगी होती न् हातात लोटा. मले कोनी इचारलं नाई, तू कोन, तुही जात कोन्ती, तुले जामीन कोन. आधी भाकर देल्ली. साहेब, तुमी मोठी बँक आनता, आना. तिचे हात असे एवढे मोठे असन, पन तिले टेसनावर येता येते का? आमची पेढी लहान आहे, म्हनून टेसनावर जाते. मी फेडलं. माह्या मागं आला त्याले मी आनलं. आमी पेढी ठेवतो. लिहिनाऱ्या, बराबर सांगजो."

पेढी स्वतंत्र ठेवण्याच्या ठरावावर मत घेण्यात आले नाही. घेतले असते तर सर्व तळवे वर झाले असते, असे सहचिटणिसाचे निवेदन आहे. त्याचे आधीचे निवेदन खोटे होते. त्याला कोणी भाग पाडले नव्हते.

हे लिहून झाल्यावर मी खोलीचे दार लावले आणि आरशासमोर उभे राहून मल्लव्वाचे बोलणे हातांनी म्हणून पाहिले, कारण लेखी मजकूर मुळाशी ताडून पाहिल्याखेरीज मी सही करीत नाही. बहुतेक आले. लोटा आला, भाकर आली, पेढी आली, माझे नावही आले. 'माह्या मागं आला त्याले' इथे अडलो. नव्याने उतरलेल्या माणसाची जी खूण प्रत्येक सभेत दहा-वीस वेळा होई, ती मला आठवत नाही. उजवा हात वर जातो हे आठवते. मग बोटे उघडतात की मिटतात, ते नाही. भिवंडीला दोन पत्रे टाकली, दोन्ही परत आली. ज्याला विचारावे असा एकही माणूस आता उरलेला नाही. म्हणून पत्राला जोडायच्या प्रतीत त्या शब्दांपुढे एका खुणेपुरती जागा कोरी सोडली आहे, आणि समासात तसा शेरा मारून खाली सही केली आहे.